माझ्या हाकेला ओ

मी कुकर बोलतोय. बोलतोय कसला, केकाटतोय म्हणा! आमच्या जातीला हळू बोलणं जमतच नाही. चांगला ढेरपोट्या आहे, एक कान तुटलाय. पहिला भात एका लग्नघरात शिजवला. पंगती उठल्यावर त्यांनी मला हुणसूरच्या या बालगृहात देऊन टाकलं.

इथं स्वैपाकघराची मालकीण सण्णम्मा. पोरं तिला अज्जी म्हणतात. इकडं कन्नडात कुकर शिट्टी मारत नाही, हाक मारतो. माझ्या तीन हाका झाल्या की पोरं ताटं बडवत हजर! माझ्याइतकं लाडकं या घरात कुणी नाही, अशी माझी समजूत होती.

मग देचम्मा आली. सात वर्षांची, कोडगूच्या डोंगराळ भागातली. पावसात डोंगर खचला, त्यात तिचं घर गेलं आणि आईही. पहिल्याच दुपारी मी हाक मारली आणि पोरगी ताट टाकून पलंगाखाली. कान गच्च दाबलेले, अंग लटलट कापतंय. रोज तेच. सगळं निवल्यावर दोन घास खायची. बरगड्या दिसायला लागल्या हो तिच्या.

"नुसते नखरे!" पोरांतला दांडगा रंगस्वामी म्हणाला.

सण्णम्मानं त्याच्यावर पळी उगारली. "कुत्रं भुंकलं की तुझी चड्डी ओली व्हायची, विसरलास काय रे?"

अधीक्षिका विमला मेडमनी मात्र निकाल दिला. "हा कुकर माळ्यावर टाका. भात पातेल्यात शिजवू."

माळ्यावर! माझ्यासारख्या लाडक्याला! पण खरं सांगतो, तिचं ते कापणं बघून मी मेल्याहून मेल्यासारखा झालो होतो. टाका बापडे, पण लेकरू जेवू दे.

"याला टाकाल माळ्यावर," सण्णम्मा म्हणाली, "पण बसचा भोंगा, लग्नातले फटाके कुठल्या माळ्यावर टाकणार मेडम? थोडा धीर धरा."

मग ती पलंगापाशी फतकल मारून बसली. "पुट्टी, छकुले, कुकर आता हाक मारेल. आधीच सांगून ठेवते. तो किंचाळत नाही गं, जेवायला बोलावतो."

पलंगाखालून बारीक आवाज आला. "अम्मा पण हाक मारत होती. मी ओ दिली नाही. तोंडातून आवाजच निघेना."

सण्णम्मानं डोळ्यांना पदर लावला. "भीतीनं आवाज बसतो, बाळा. मोठ्यांचाही बसतो. तू ओ दिली नाहीस म्हणून काही डोंगर खचला नाही."

पलंगाखाली हात घालून तिनं पोरीची पाठ थोपटली. मग सण्णम्मा म्हणाली, "आणि या खुळ्या भांड्याला बघ. इतकी वर्षं बोंबलतंय, पण या टोळक्यातल्या एकानं कधी ओ दिली असेल तर शपथ! तू देशील?"

खुळं भांडं! असू दे.

दुसऱ्या दिवशी देचम्मा सण्णम्माचा पदर मुठीत धरून स्वैपाकघराच्या दारात बसली. मी हळू हाक मारायचा फार प्रयत्न केला, जमतंय थोडंच? पहिल्या हाकेला तिनं तोंड पदरात खुपसलं. दुसरीला ओठ हलले. आणि तिसरीला, "ओऽऽ!" अशी दणदणीत ओ, की डब्यावरचं मांजर खाली पडलं.

"अगं बाई, ही तर कुकरची थोरली बहीण!" रंगस्वामी ओरडला. देचम्मा फिस्सकन हसली. त्या दिवशी तिनं वाफाळता भात खाल्ला आणि ताट पुढं करून म्हणाली, "अज्जी, अजून."

एका दिवसात सगळं बरं झालं असं समजू नका. ढग गडगडले की ती अजून पलंगाखाली शिरते. पण आता जाताना "अज्जी, मी पलंगाखाली आहे गं," असं सांगून जाते.

आता माझी रिंग सैल झालीय, बुडाला पोचे आलेत. माझ्या हाकेला सगळीच पोरं ओ देतात, गल्लीला घड्याळ लागत नाही. भंगारात जायच्या आधी एकच मागणं आहे. एखादं लेकरू तुमच्या हाकेला ओ देत नसेल, तर त्याला हट्टी म्हणू नका. जवळ जाऊन बसा, आणि पुन्हा हाक मारा.