मुळाशी पाणी

मनालीने गाडीच्या डिकीतून शेवटची कुंडी उचलली आणि कढीलिंबाच्या बुंध्याशी लावलेल्या ओळीत टेकवली. मग दोन पावलं मागे सरकून तिने मोबाइल काढला. फोटोत विभावरीची चप्पल येत होती.

"काकू, जरा बाजूला होता?"

आपल्याच अंगणात विभावरी बाजूला झाली.

कुंड्यांत स्ट्रॉबेरीची रोपं होती. पानं टवटवीत, आणि त्यांच्या आड चार-दोन लाल फळं. शारजात मे महिना उजाडला होता आणि ही बाई स्ट्रॉबेरी घेऊन आली होती. विभावरीचं माहेर वाईचं. स्ट्रॉबेरी कधी लावायची आणि कधी तिला रामराम ठोकायचा, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. पण गेल्या ऑक्टोबरात पुण्याहून आलेल्या, इथला एकही उन्हाळा न पाहिलेल्या मुलीला ते सांगावं कुणी आणि का?

"दुबईत करामाच्या फ्लॅटमध्ये पॅकिंग चालू झालंय ना, बाल्कनी पूर्ण ब्लॉक आहे," मनाली म्हणाली. "नाहीतरी आम्ही इथेच शिफ्ट होतोय, म्हटलं आधी ही तरी येऊ देत. सकाळी एकदा आणि दुपारी बाराला एकदा पाणी. पानांवर नको हं काकू, मुळाशी. मी तुम्हाला व्हिडिओ पाठवते. तुमचाही तेवढाच टाइमपास होईल."

विभावरीच्या ओठांवर एक वाक्य आलं होतं. दुपारच्या नळाबद्दलचं, साधंच. 'टाइमपास' हा शब्द कानावर पडला आणि तिने ते गिळून टाकलं.

"घालीन हो," ती म्हणाली. "अगदी तू सांगितलंस तसं."

व्हिला कंपनीचा होता. तिचा नवरा रामेश्वर हमरियाच्या कारखान्यातून महिनाअखेर निवृत्त होणार, त्याची खुर्ची त्याच्याच हाताखाली शिकलेल्या राहुलला मिळणार आणि खुर्चीबरोबर हे घरही. यात राहुलची काही चूक नव्हती, पण विभावरीने चूक शोधायचं कधीच सोडून दिलं होतं. राग धरायला तिला चूक लागतच नसे. राहुल तिच्या लेखी आयत्या बिळावरचा नागोबा होता आणि मनाली त्या नागोबाची हौशी बायको. बाई मोबाइलमध्ये बघून बाग करत होती, आणि फळ लागलं की आधी फोटो, मग पोरीच्या तोंडात.

घरातलं बाकी सगळं कार्गोने भारतात जाणार होतं. कपाटं, भांडी, झोपाळासुद्धा. कढीलिंब तेवढा जाणार नव्हता, आणि विभावरीचा जीव नेमका त्यात होता. या घरात आल्या वर्षी तिने काडीएवढं रोप आणलं होतं. पहिला उन्हाळा त्याने तिच्या जुन्या साडीच्या आडोशाला काढला. आता ते गच्चीच्या कठड्याला लागलं होतं. रोल्लाच्या बाजारापासून इकडच्या मराठी घरांत फोडणी पडायची ती याच पानांची. गावाहून कुणी नवी सून शारजात आली की तिला विभावरीकडून एक जुडी जायची, आणि जुडीबरोबर ती कुठे काय चुकते याचा पाढाही जायचा.

"राहुलला झाडाचं सांगून ठेवू का?" रामेश्वरने एकदा जेवताना विचारलं.

"काही गरज नाही."

"अगं, एक शब्द टाकायचा. ठेवतील झाड."

"त्या पोरीपुढे मी पदर पसरू? मुळाशी पाणी घाला म्हणून मला शिकवते ती." विभावरीने ताटात भात ओढून घेतला. "अक्कल असेल तर ठेवतील. नसेल तर सांगून काय उपयोग?"

रामेश्वर गप्प बसला. गप्प बसणं ही त्याची खासियत होती. त्याच्या जोरावर तो कंपनीत इतकी वर्षं टिकला आणि त्याच्याचमुळे कधी जनरल मॅनेजर झाला नाही, असं विभावरीचं स्पष्ट मत होतं.

दुपारी बाराला ती झारी घेऊन बाहेर आली. अंगणातल्या नळाला गच्चीवरच्या टाकीचं पाणी, आणि टाकी दिवसभर उन्हात. मेपासून पुढे दुपारच्या त्या पाण्यात हात घातला तर चटका बसतो. इथे मुरलेली माणसं उन्हाळ्यात गीझर बंद ठेवतात आणि घराच्या आत निवलेलं पाणी उलट गीझरमधूनच घेतात. कढीलिंबाचं पाणी विभावरी रात्रीच पिंपात भरून ठेवायची आणि उजाडता घालायची. पिंप तिथेच, चार पावलांवर होतं.

तिने नळाखाली झारी धरली. भरली तेव्हा झारीची मूठसुद्धा गरम लागली. मग एकेका कुंडीपाशी वाकून, एकाही पानावर थेंब न उडवता, तिने पाणी घातलं. मुळाशी.

रामेश्वर शनिवारी घरी होता. जाळीच्या दारातून त्याने पाहिलं.

"नळाचं घालतेस?"

"मग काय मक्केहून झमझमचं आणून घालू?"

"कढत असेल."

"दुपारी बाराला घाला म्हणून तिनेच सांगितलंय. व्हिडिओ आहे माझ्याकडे, दाखवू?"

तो आत गेला. विभावरीला त्या क्षणी जे वाटलं त्याला आनंद म्हणता आलं असतं. मनालीचा मेसेज आला, 'काकू, रोपं कशी आहेत?' तिने लिहिलं, 'पाणी वेळेवर घालते आहे.' यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि याचाही तिला अभिमान वाटला.

पानं आधी कडेने तपकिरी झाली, मग मलूल पडली, मग कागदासारखी कुरकुरीत. फळं होती तिथेच सुकली. विभावरीने पाणी घालायचं थांबवलं नाही. दिलेलं काम ती अर्धवट सोडणारी नव्हती.

मनाली आली तेव्हा राहुल आणि त्यांची मुलगी इरा बरोबर होती. राहुल आत रामेश्वरपाशी कागदपत्रं घेऊन बसला. मनाली थेट कुंड्यांपाशी गेली आणि उकिडवी बसली. विभावरी दारात उभी राहिली. तिची तयारी झाली होती. मनाली आता आवाज चढवेल, मग आपण शांतपणे तो व्हिडिओ पुढे करायचा, इथपर्यंत तिने सगळं घोकून ठेवलं होतं.

"मम्मा, आर दे डेड?" इराने विचारलं.

"हो बेटा."

"ऑल ऑफ देम?"

मनालीने मान हलवली. तिने मातीत बोट घातलं. माती ओली होती. मग ती उठली आणि विभावरीकडे वळली.

"सॉरी, काकू. तुम्हाला उगाच एवढ्या उन्हात रोज बाहेर यायला लावलं."

घोकलेलं वाक्य विभावरीच्या काहीच कामाला आलं नाही.

"मी ना, सगळं ड्रॉइंग काढलं होतं," मनाली हसत म्हणाली, पण हसू धड उमटलं नाही. "या झाडाखाली मुद्दाम ठेवली होती मी, सावली मिळेल म्हणून. भोवताली वाफे, झाडाखाली इराचं टेबल. राहुल म्हणायचा, काकूंनी एवढं मोठं केलंय, आपण निदान सांभाळू तरी. पण तुमच्या हातून जगली नाहीत म्हणजे खलासच. तुम्ही इतकं मोठं झाड वाढवलंत. मला कुठे काय येतंय? मी यूट्यूबवर बघून करणार."

"उन्हाळा आहे," विभावरी म्हणाली.

"तेच ना. माझ्या हातून हळूहळू सगळं वाळणार आणि मी रोज बघत बसणार. त्यापेक्षा अख्ख्या अंगणात आर्टिफिशियल ग्रास टाकतो. इराला खेळायलाही बरं. फक्त तो माणूस म्हणाला, झाड काढावं लागेल. मुळं खालून ग्रास उचलतात म्हणे."

रामेश्वर आतून उठून दारापर्यंत आला होता.

"अगं, ते पाणी..." त्याने सुरुवात केली.

"तुम्ही चहाचं बघा," विभावरी म्हणाली.

तो थांबला. त्याने बायकोकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तो लगेच आत गेला नाही. तिने सांगायचं ते एकच वाक्य होतं. पाणी कढत होतं, मला माहीत होतं. विभावरीला ते पूर्ण दिसत होतं. मनाली मान तिरकी करून तिच्याकडे बघत होती, मोठ्या माणसाकडे सल्ला मागताना बघतात तशी. त्या नजरेपुढे ते वाक्य उच्चारणं म्हणजे काय, हे विभावरीने मनातल्या मनात करून पाहिलं. जमलं नाही.

"ग्रासच बरी," ती म्हणाली. "पानगळीचा कचरा होत नाही."

"हो ना?" मनालीला सुटल्यासारखं झालं. "तुमच्या ओळखीचं कुणी आहे का, काकू? आमच्या माणसाने कोटेशन फारच जास्त दिलंय."

"रोल्लाला जहूर म्हणून आहे. काम चोख करतो."

रामेश्वर आत गेला. स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला.

विभावरीने नंबर सांगितला. मनालीने तो टिपून घेतला. मग ती आवाज जरा उतरवून म्हणाली, "झाड तुम्ही गेल्यावरच काढू, काकू. तुमच्यादेखत नको."

विभावरीने त्यात काहीतरी खोट शोधून पाहिली. मुलीचा चेहरा निरखला, आवाजातला गोडवा तपासला. तिरस्कार करावा असं काहीच हाताला लागलं नाही, आणि त्याचा तिला फार राग आला.

इरा झाडाखालच्या कुंड्या एकात एक घालत होती. मनालीने फोन कानाला लावला आणि पुन्हा खाली घेतला.

"लागत नाही. एक आकडा कमी आहे का, काकू?"

कमी होता. विभावरी क्षणभर मनालीच्या हातातल्या फोनकडे बघत राहिली. मग तिने पहिल्यापासून सगळा नंबर पुन्हा सांगितला, सावकाश, एकही आकडा न चुकवता.