काठवटीतला पवित्र श्वास

तीन फेब्रुवारीला, घशाची दुखणी बरी करणाऱ्या संत ब्लासच्या सणाला, कारुम्बे गावात घसा दुखो न दुखो, सगळे चर्चच्या अंगणात जमतात. पाद्री दोन मेणबत्त्यांची फुली गळ्याला टेकवतो, मग चिपा, म्हणजे चीज घातलेला गरम पाव, खायला मिळते. यंदा पाद्री पुरामुळे नदीपलीकडे अडकला आणि त्याच्या जागी बंधू क्रिसांतो नावाचा फिरता साधू उभा राहिला. त्याला कुणी बोलावलं, हे आजतागायत कळलेलं नाही.

बंधूने बारा मेणबत्त्या पेटवल्या. अंगणाच्या कोपऱ्यात टांगलेल्या पडद्यामागे जाऊन एक सुरई आणली आणि मेणबत्त्यांवर तिरकी केली. पाणी पडलं नाही. त्याने फुंकरही मारली नाही. तरी मेणबत्त्या एकामागून एक विझल्या.

लोक चिपा चघळायचे थांबले. कारुम्बेत हे फक्त भूकंपात होईल, आणि इथे भूकंप होत नाहीत.

“हा संताचा श्वास,” बंधू म्हणाला. आठवडाभर प्रवचनं देऊन त्याचा घसा बसला होता. “तो दिसत नाही. दिसला असता तर कुणीही साठवला असता.”

हे सगळ्यांना पटलं. सरपंच डॉन फुल्हेन्सिओने तर चर्चच्या भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं उतरवून तिथे सुरई टांगायचा हुकूमही दिला.

शाळेतली शिक्षिका झुलेमा मागे उभी राहून तेरेरे, म्हणजे थंड पाण्यातला पाल्याचा चहा, पीत होती. तिची करमणूक होत होती. तेवढ्यात तिची धाकटी बहीण निमिया आठ महिन्यांच्या इलारिओला घेऊन पुढे सरकली आणि करमणूक संपली. पोर तीन दिवस खोकत होतं.

“संत ब्लास घशाचा,” निमिया म्हणाली. “जो श्वास आग विझवतो, तो खोकला विझवणार नाही का?”

“विझवेल की,” बंधू म्हणाला. “पण पोराला श्वासात बुडवावं लागेल. खोल भांडं आणा.”

चिपाची कणीक मळायची खोल काठवट आली. बंधूने पडद्यामागून सहा सुरया आणून तिच्यात रिकाम्या केल्या. निमिया पोराला आत ठेवायला वाकली.

“थांब,” झुलेमा म्हणाली. “बंधू, तुमचाही घसा बसलाय. आधी तुम्ही डोकं घाला. मी शंभरपर्यंत मोजते.”

“साधूला औषध लागत नाही.”

“मग वीसपर्यंत.”

बंधू आकाशाकडे बघू लागला. आकाशात काहीच नव्हतं.

“ताई, तू नेहमी मधे पडतेस,” निमिया पुटपुटली.

झुलेमाने पेटती मेणबत्ती काठवटीत उतरवली. कडेच्या खाली जाताच ती विझली. दुसरीही विझली.

“निमे, ज्योतीला जळायला हवेतला प्राणवायू लागतो. तिला तो इथे मिळत नाही. तुझ्या पोराला मिळेल?”

निमियाने पोराला इतकं घट्ट धरलं की ते भोकाड पसरून रडलं. घसा उत्तम होता.

झुलेमा पडद्यामागे गेली. तिथे आंबूस वास भरून राहिला होता. “तुमच्या संताने सकाळी सॅलड खाल्लं होतं वाटतं,” असं म्हणत तिने व्हिनेगरच्या बाटल्या आणि खाण्याच्या सोड्याचं पोतं बाहेर ओढलं. मुलांना जवळ बोलावून तिने सोड्यावर व्हिनेगर ओतलं. फेस फसफसला.

“हा कार्बन डायऑक्साइड. हवेपेक्षा जड, म्हणून पाण्यासारखा ओतता येतो. आगीवर पांघरूण घातल्यासारखा पसरतो, हवा दूर सारतो, आग गुदमरते. डॉन फुल्हेन्सिओ, तुम्ही उतरवलेल्या त्या नळकांड्यात हाच वायू दाबून भरलाय. त्यावर लिहिलंय.”

सरपंचाने चष्मा लावला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्याने ते वाचलं. “बंद खोलीत वापरू नये, जीव गुदमरतो,” त्याने वाचून दाखवलं आणि नळकांडं स्वतःच्या हाताने परत टांगलं.

तोवर बंधू क्रिसांतो निघून गेला होता. घाईत सुरई विसरला, पण चिपा तीन घेऊन गेला.

इलारिओला मोटरसायकलवरून दवाखान्यात नेलं. नर्सने छाती तपासली, औषध दिलं, पाणी पाजत राहा म्हणाली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पाचव्या दिवशी खोकला गेला.

तुमच्याही गावात कुणी सुरई घेऊन येईल. त्याला हाकलू नका, फक्त विचारा: यात काय आहे, कसं केलं, पुन्हा करून दाखवाल का? आणि तुमच्या लेकरावर काही ओतण्याआधी म्हणा, बंधू, आधी तुम्ही.