डाव्या कानाला दोन काप

धुळाजी जन्मात एकदाच खोटं बोलला होता, तेही लांडग्याशी. बारा वर्षांचा असताना माळावर एकटा सापडला, तेव्हा "ए रामा, ए तान्या, सोडा रे कुत्री" असं मोकळ्या माळाला ओरडून त्यानं दहा माणसं उभी केली. लांडगा निघून गेला. घरी आल्यावर त्यानं हेही बापाला सांगून टाकलं, इतका हा माणूस खोट्याला कच्चा. धारूरच्या बाजारात मेंढरू विकताना "हिचा मागचा पाय जरा लंगडतो बरं का" असं गिऱ्हाइकानं विचारायच्या आधी सांगणारा दुसरा धनगर शोधून सापडायचा नाही. त्यावरून त्याची बायको कडूबाई त्याला आयुष्यभर बोलत आली होती.

हा माणूस दर बाजाराच्या दिवशी भारतच्या कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन बसायला लागला, तेव्हा लोकांना नवल वाटलं. कारण कळलं तेव्हा मात्र कुणी थट्टा केली नाही.

त्याचा थोरला मुलगा हरिओम अंबाजोगाईला कॉलेजात होता. मागच्या साली दिवाळीच्या सुट्टीला घरी येताना घाटात त्याची मोटरसायकल ट्रकखाली गेली. पाठीवरच्या पिशवीत लॅपटॉप, खिशात मोबाईल. दोन्हींचा भुगा झाला आणि पोरगंही जागीच गेलं. धुळाजीकडं बटणांचा साधा मोबाईल, त्यात ना फोटो ना आवाज. एकवीस वर्षांच्या पोराचं घरात उरलं काय, तर आधार कार्डावरचा एक फोटो, ज्यात तो सख्ख्या आईलाही ओळखू येत नव्हता, आणि कळपातली त्याच्या खुणेची चौदा मेंढरं.

धुळाजीच्या घरात मूल जन्मलं की त्याच्या नावानं एक कोकरू काढून ठेवत आणि त्याच्या कानाची खूण ठरवत. हरिओमची खूण डाव्या कानाला दोन काप. धुळाजीची स्वतःची उजव्या कानाला एक. त्या मेंढराच्या पोटी पुढं जे होईल त्यालाही तीच खूण. मात्र माणूस गेला की नव्या कोकराला त्याची खूण घालत नाहीत. हरिओमच्या मेंढरांना वर्षभरात जी कोकरं झाली, ती धुळाजीनं तशीच बिनखुणेची ठेवली होती. पोराची खूण घालायची नव्हती आणि आपली घालायला हात होत नव्हता.

दुकानातली गोष्ट शिवकन्येमुळं सुरू झाली. शिवकन्या हरिओमची धाकटी बहीण, बारावीला होती. कसलासा फॉर्म भरायला ती भारतकडं गेली, तर कोपऱ्यातल्या मशीनवर हरिओमचं खातं अजून उघडंच होतं. लॅपटॉप घेण्याआधी तो तिथंच खेळायचा. खेळांचं एक दुकान असतं, नुसतं इंटरनेटवरचं. त्यात त्याचं खातं, आणि खात्यात त्याचे सगळे खेळ. त्यातला एक मेंढपाळाचा होता. शिवकन्येनं तो उघडला आणि पुढच्या बाजाराला बापाला घेऊन आली.

धुळाजी वहाणा बाहेर काढून स्टुलावर बसला. पडद्यावर डोंगर दिसले, बालाघाटाच्या चौपट हिरवे. "एवढं गवत असतं तर आमी कशाला गाव सोडून हिंडलो असतो?" तो म्हणाला. मग मेंढरं दिसली. काळी, मोरी, बोडकी. नावं त्याच्याच कळपातली. उंच खडकावर एक माणूस उभा होता. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी.

"ह्यो कोण?"

"तुमी, आप्पा. दादानं तुमालाच बनवलंय."

आणि तिनं एक बटण दाबलं. त्या खेळात मेंढरांना बोलवायला आपल्या तोंडची हाळी भरून ठेवायची सोय होती. हरिओमनं आपली भरली होती.

"ह्योऽऽ हिर्र, हिर्र! या गं बायांनोऽऽ!"

शेवटच्या अक्षरावर हरिओमचा आवाज लहानपणापासून चिरकायचा. इथंही चिरकला. डोंगरभर पांगलेली मेंढरं माना वर करून पळत आली आणि लाल पटक्याभोवती गोळा झाली. धुळाजीनं दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं होतं. तो म्हणाला, "अजून एकदा."

तेव्हापासून दर बाजाराला हे ठरलेलं. कडूबाई मात्र आली नाही. "काचंत काय पोरगं बघायचं असतं?" ती म्हणायची. पण धुळाजी घरी आला की भाकरी थापता थापता विचारायची, "आज कसा वरडला?" जसा काही रोज वेगळा ओरडत होता. शेवटी तिनं कबूल केलं, वर्ष भरू द्या, मग एकदाच येते. त्या दिवसाची वाट धुळाजी तिच्यापेक्षा जास्त बघायला लागला.

भारत पंचेचाळिशीचा, सुखवस्तू शेतकरी घरातला. शेतात मन रमेना म्हणून वीस वर्षांपूर्वी त्यानं हे दुकान टाकलं होतं. तेव्हा खेळांच्या सीड्या मिळायच्या. त्याच्या माळ्यावर अजून एक खोकं होतं.

"मामा, तवा सीडी हातात असायची," तो सांगायचा. "कंपनी बुडाली तरी सीडी आपली. आता पोरं खेळ घेतात म्हंजी खेळायची परवानगी घेतात. हरिओमचा कळप, त्याचा आवाज, सगळं वर कंपनीकडं ठेवलेलं हाय. खातं उघडलं तर दिसतं, न्हाईतर न्हाई."

"म्हंजी अर्धलीनं राखाया दिल्यासारखं," धुळाजी म्हणाला. भारतनं मान डोलावली. मान डोलावण्याआधी त्यानं थोडा विचार करायला हवा होता.

पावसाळा सरता सरता हरिओमच्या खात्यावर कंपनीचा मेल आला. जुनी पद्धत बंद होणार. इथून पुढं खेळ कुणाच्या मशीनवर उतरणारच नाहीत. ते तिकडंच चालणार आणि इकडं नुसतं चित्र येणार. जुनी खाती नव्या दुकानात न्यायची, पण ज्याचं खातं त्यानं कॅमेऱ्यापुढं स्वतःचा चेहरा दाखवून. मुदत दिवाळीपर्यंत. शिवकन्येनं वाचून दाखवलं.

"सोपं हाय," भारत म्हणाला. "तुमचा पुतण्या नाथा हुबेहूब हरिओम. त्याचं तोंड दाखवू. तिकडं कुणाला काय कळतंय?"

"आन् हरिओम कुठंय म्हून सांगायचं?"

"सांगायचंच न्हाई, मामा."

धुळाजीला हे पटेना. न पटायला कारण होतं. पूर्वी त्याच्याकडं तानाजी नावाच्या माणसाची मेंढरं अर्धलीनं होती. मालकी तानाजीची, राखायची धुळाजीनं, होतील ती कोकरं निम्मी निम्मी. तानाजी वारल्याचा निरोप आला, तेव्हा धुळाजी दहाव्याला गेला तो मेंढरं हाकत. सगळी बायनाबाईच्या, म्हणजे तानाजीच्या बायकोच्या, दारात उभी केली. मधल्या काळात दोन मेली होती. त्यांचे खुणेचे कान त्यानं सुकवून ठेवले होते, ते तिच्यापुढं ठेवले. नवऱ्याची मेंढरं किती होती हे त्या बाईला माहीतही नव्हतं. धनगरांची रीतच तशी. मालक मेला तर राखणाऱ्याला कळवायचं, आणि कळलं की त्यानं माल वारसाच्या दारात आणून द्यायचा. जनावर मेलं असेल तर निदान कान दाखवायचा.

"ते राखणारे हायत," धुळाजी म्हणाला. "मालक मेला हे त्यायला कळवल्याबिगर ते माल कसा देतील? लिही, शिवे. जे झालं ते लिही."

"मामा, ते राखणारे न्हाईत, दुकानदार हायत. तिथं सरळ बोटानं तूप निघत न्हाई."

"ताकाला जायचं आन् भांडं कशाला लपवायचं?"

भारतनं कपाळाला हात लावला. "बरं, निदान आवाज तरी मोबाईलवर भरून घिऊ. आत्ता. दोन मिनिटांचं काम हाय."

"आपलंच हाय ते, दारात येणारंय. त्याच्या आधी राखणाऱ्याच्या कळपातनं एक मेंढरू गुपचूप काढून न्यायचं व्हय? येऊ दे. मग भर लागंल तेवढं."

शिवकन्येचा हात पर्समधल्या, यंदाच घेतलेल्या मोबाईलवर गेला होता. बापाकडं बघून तिनं तो मागं घेतला. पुढं किती तरी दिवस ती आपल्या त्या हाताला शिव्या देत राहिली.

तिनं लिहिलं. माझा मुलगा हरिओम वारला. त्याची मेंढरं आणि त्याचा आवाज तुमच्याकडं आहे. मी त्याचा बाप. सोबत मृत्यूचा दाखला जोडला आहे. तुम्ही इतके दिवस राखलंत, तुमचे उपकार. हे शेवटचं वाक्य धुळाजीनं मुद्दाम घालायला लावलं.

पुढच्या बाजाराला खेळ उघडला, हरिओम ओरडला, मेंढरं आली. धुळाजीनं भारतकडं अशा नजरेनं पाहिलं की बघ, मी सांगत नव्हतो. त्याच्या पुढच्या बाजाराला वर्ष भरत होतं, आणि कडूबाई आली.

तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. दुकानाच्या पायरीवर ती थोडी थांबली, पदर डोक्यावरून नीट घेतला आणि मग आत आली, जशी कुणाच्या घरी पोरगी बघायला आली असावी. धुळाजीनं स्टूल पुसून दिलं. "हितं बस. हितनं चांगलं दिसतं. खडकावर लाल पटक्याचा दिसंल त्यो मी," तो सांगत होता. एवढं बोलताना त्याला कुणी वर्षभरात पाहिलं नव्हतं.

शिवकन्येनं मशीन चालू केलं. एरवी उघडंच असणाऱ्या खात्यानं आज पासवर्ड मागितला. भावाचा तिला ठाऊक होता, तो तिनं टाकला. चुकीचा म्हणालं. पुन्हा टाकला. मग तिनं मेल उघडला आणि तिचे हात थांबले. चार दिवसांपूर्वीच उत्तर आलं होतं. भारतनं तिच्या मागं उभं राहून वाचलं.

"मामा," तो म्हणाला, "त्यांनी खातं बंद केलंय. तुमच्या दुःखात सहभागी हाय म्हणतात. पण मालक जिता न्हाई म्हून खातं बंद. परवानगी त्याच्या एकट्यापुरती व्हती, वारसाला मिळत न्हाई. आन् आत जे काय व्हतं, ते कायमचं पुसून टाकलंय."

"मेंढरं?"

"गेली."

"आन् आवाज?"

भारतनं नकाराची मान हलवली. बाहेर बाजारात कुणीतरी लसणाचा भाव ओरडत होतं. धुळाजी पडद्याजवळ वाकला. मग एकदम म्हणाला, "मग कान?"

"काय, आप्पा?"

"जनावर मेलं असलं तर कान तरी दाखवावा लागतो. लिही त्यायला. कान तरी पाठवा म्हणावं."

शिवकन्येनं डोळे पुसत पुसत लिहिलं. माझ्या पोराचा आवाज तेवढा परत द्या, थोडासा असला तरी चालेल, असं लिहिलं. एका मिनिटात उत्तर आलं, कारण ते माणसानं दिलेलं नव्हतं. तुमची विनंती पूर्ण झाली असून ती बंद करण्यात येत आहे. आमच्या सेवेला किती गुण द्याल? खाली पाच चांदण्या होत्या.

कडूबाई इतका वेळ स्टुलावर हात जोडल्यासारखी बसली होती. "त्यायला कुणी सांगितलं, पोरगं गेलं म्हून?" तिनं विचारलं.

"मी," धुळाजी म्हणाला.

मेंढराच्या लंगड्या पायावरून तीस वर्षं बोलत आलेली ती बाई यावर एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं असं धुळाजीला फार वाटलं. ती उठली, स्टूल जागेवर सरकवलं. "चला," म्हणाली, "कोकरं उपाशी असतील."

वस्तीवर पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. धुळाजीनं चाकू दगडावर घासला आणि हरिओमच्या मोरीचं बिनखुणेचं कोकरू गुडघ्यात धरलं. कडूबाई हळद-तेलाची वाटी घेऊन आली. वर्ष भरलं, आता खुणा घालून टाकणार, हे तिला सांगावं लागलं नाही. तिनं कोकराचं तोंड धरून उजवा कान पुढं केला. धुळाजीनं तिचा हात बाजूला सारला, डावा कान धरला आणि काप घातला.

"गेलेल्या माणसाची घालत न्हाईत," ती म्हणाली.

"न्हाई घालत."

त्यानं त्याच्या शेजारी दुसरा काप घातला. कोकरू ओरडलं. कडूबाईनं कानाला हळद लावली.

"उद्या कुणी इचारलं, कुणाचं हाय म्हून, तर?"

"हरिओमचं."

"आन् हरिओम कुठंय म्हनलं तर?"

धुळाजीनं दुसरं कोकरू पुढं ओढलं आणि त्याचा डावा कान चाचपला.

"अंबाजोगाईला हाय म्हून सांग," तो म्हणाला. "दिवाळीला यील."