झालर घातलेलं स्टूल

"तुम्ही दोघं वेगळे होणार आहात का?"

प्रश्न एवढाच होता. पण तो आईबाबा दोघंही समोर असताना विचारायचा, शब्द गिळायचे नाहीत आणि मध्येच हसून "गंमत केली हं" असंही म्हणायचं नाही, अशी पैज व्हॉलीबॉलच्या जाळ्याखाली बसून दोन मैत्रिणींनी तोफेला घातली होती.

तोफ म्हणजे शाळेच्या संघाची कप्तान. तिची सर्व्हिस तोफगोळ्यासारखी येते आणि आवाजही तसाच, म्हणून ते नाव. गेल्या वर्षापर्यंत हजेरीला "हजर" म्हणतानासुद्धा तिच्या घशात मांजर बसायचं. यंदा कप्तान झाली आणि ते मांजर जे पळालं, ते परत आलंच नाही. आता खेळाच्या बाईंनी तिला दुसऱ्या गावातल्या निवासी क्रीडा केंद्रासाठी निवडलं होतं. दोन वर्षं तिथंच राहायचं, तिथंच शिकायचं आणि तिथंच खेळायचं. उत्तर सोमवारी द्यायचं होतं. आणि एरवी कुणालाही सडेतोड उत्तर देणारी ही पोरगी या एका उत्तरापाशी अडून बसली होती.

कारण बाबांची उशी हॉलमध्ये होती.

"आमच्याकडेही उशीपासूनच सुरुवात झाली होती," त्या दोघींतली चष्मिष म्हणाली. तिचे आईबाबा आता दोन घरांत राहतात, त्यामुळे या विषयात तिचा शब्द शेवटचा. "आधी उशी गेली. मग चादर. मग दाढीचं सामान."

"दाढीचं सामान अजून बाथरूममध्येच आहे," तोफ म्हणाली.

"मग वेळ आहे अजून. विचारून टाक."

"आणि नाही विचारलंस तर कप्तानकी मला," टकळी म्हणाली. टकळीला सर्व्हिस जाळ्यापलीकडे टाकता येत नव्हती, पण संधी सोडायची नाही हा तिचा बाणा.

तोफेनं पैज घेतली, पण थेट तोंड उघडलं नाही. आधी पुरावे गोळा करायचे असं तिनं ठरवलं. आणि एकदा संशयाचा चष्मा चढला की साधं घरसुद्धा गुन्हेगाराचं वाटू लागतं.

बाबा एका कोल्ड स्टोरेजमध्ये देखरेखीला. दिवसभर फळांच्या खोक्यांमध्ये, हाडं गोठवणाऱ्या गारव्यात उभे राहायचे आणि घरी आले की भर उकाड्यात स्वेटर घालून बसायचे. जेवताना त्यांचं एकच पालुपद असे, "पोरं पुन्हा पंख्याला टेकवून खोकी रचतात. हवेची वाट अडवू नका, हवेची वाट अडवू नका, किती वेळा सांगायचं?" हल्ली ते पालुपदही बंद झालं होतं. जेवायचं, हात धुवायचे, सोफ्यावर उशी टाकायची, भिंतीकडे तोंड करायचं. विचारलं तर आई म्हणायची, "त्यांची पाठ दुखते." आता तो सोफा असा, की दुखरी पाठ घेऊन कुणी त्यावर झोपलं तर सकाळी मानही दुखावी.

आई घरीच शिवणकाम करायची, शाळांचे गणवेश वगैरे. उरलेल्या कापडातून ती घराला कपडे घालायची. मिक्सरला झबलं, रिमोटला टोपडं, फ्रीजच्या मुठीला हातमोजा. बाबा पूर्वी म्हणायचे, "जरा वेळ एका जागी बसलो तर मलाही खोळ घालशील." तेव्हा आई हसायची. हल्ली मात्र ती झोपायच्या खोलीचं दार दिवसाही लावून ठेवायची. आणि दाराला कान लावला की आतून बारीक गुणगुण ऐकू यायची, डबीत भुंगा कोंडावा तशी.

"तो फ्रीजचा आवाज," आई म्हणाली होती.

फ्रीज स्वयंपाकघरात, खोली घराच्या दुसऱ्या टोकाला. आईला धड खोटंही बोलता येत नाही, हे पाहून तोफेला आणखीच धास्ती वाटली. सवय नसलेला माणूस खोटं बोलायला लागला की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

शनिवारी शाळा लवकर सुटली. आई गणवेश पोचवायला गेली होती. तोफेनं दप्तर भिरकावलं आणि सरळ त्या खोलीत शिरली.

पलंगाच्या आईच्या बाजूला, भिंतीला चिकटून, एक नवीन स्टूल उभं होतं. जमिनीपर्यंत फुलाफुलांची झालर, वर फुलदाणी. आपण स्टूल कधी घेतलं? तोफ वाकली तर भुंगा त्याच्याच पोटात. झालरीतून दोन लवचीक नळ्या निघाल्या होत्या (त्यांनाही आईनं बाह्या शिवल्या होत्या) आणि त्या थेट चादरीखाली जात होत्या. तिनं चादर वर केली. खाली पातळशी गादी, तीही पलंगाच्या अर्ध्याच भागावर, आणि तिच्यात बारीक नळ्यांच्या ओळीच ओळी, हाताला कोमट लागणाऱ्या.

इस्पितळात आजारी माणसाला असल्याच नळ्या लावतात. वेगळं होणं परवडलं, हे भलतंच निघालं तर?

"हात लावू नकोस त्याला."

आई दारात उभी होती, रिकामी पिशवी हातात घेऊन.

"हे काय आहे?"

"स्टूल."

"स्टूल गुणगुणतं?"

आईनं इकडेतिकडे पाहिलं. मग पलंगाच्या कडेवर बसली.

"आई, तू आजारी आहेस का? खरं सांग."

"आजारी कसली. वय झालं." ती पदर नसलेल्या खांद्यावर उगाच हात फिरवत राहिली. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात बायकांना होतं असं. रात्री अंगातून एकदम वाफा निघतात. उशी उलटी करा, कूस बदला, मानेवर ओला रुमाल ठेवा, काही उपयोग नाही. सकाळी उठते ती गिरणीतून आल्यासारखी. गणवेशाच्या माप घेतलेल्या बाह्या मी परवा उलट्या लावल्या, माहितीये? एक गिऱ्हाईक म्हणाली, असं मशीन मिळतं. पाणी गार करतं आणि गादीतून फिरवतं. पाठीखालून गारवा. रात्रभर छान झोप."

"मग लागते झोप?"

"कसली लागते. सुरुवातीला जरा गार होतं आणि मग तापतंच. फसले मी. परत पाठवणार आहे, पण बाबांना सांगू नकोस. आयुष्यभर गारव्यात काम करणारा माणूस. हसतील. म्हणतील, माझ्याकडे येऊन झोप संत्र्यांच्या शेजारी."

"आणि बाबा हॉलमध्ये का?"

"पाठ दुखते त्यांची," आई म्हणाली आणि चादर सारखी करू लागली. चादर आधीच सारखी होती.

म्हणजे अर्धं खरं बाहेर आलं आणि अर्धं अजून आतच. तोफेनं त्या स्टुलाकडे रोखून पाहिलं. झालरीवर हात ठेवला. कापड तापलेल्या कपाळासारखं लागलं. आणि तिच्या कानात बाबांचं जेवणातलं पालुपद वाजलं.

"आई, ही खोळ काढ."

"का? धूळ बसेल. पुस्तिकेत लिहिलंय, धूळ बसू देऊ नका. म्हणून तर शिवली."

"मागं जागा सोडा असंही लिहिलं असेल."

"सोडलीये की." आईनं झालर बाजूला करून अभिमानानं दाखवलं. "ही बघ. सगळ्या बाजूंनी चार बोटं ऐसपैस. खोळीच्या आत."

तोफेनं फुलदाणी उचलली आणि खोळ डोक्यावरून सदरा काढावा तशी वर ओढली. खाली एक साधा पांढरा डबा निघाला. त्याच्या पाठीला जाळी होती आणि जाळीतून गरम हवेचा असा झोत आला, की कोंडलेलं मांजर अंगावरून उडी मारून गेल्यासारखं वाटलं. पाण्यातली उष्णता ते मशीन बिचारं इमानानं काढत होतं, मागून बाहेर टाकत होतं आणि तीच हवा झालरीत फिरून पुन्हा त्याच्याच नाकात जात होती. दोघींनी मिळून डबा भिंतीपासून लांब ओढला. थोड्या वेळानं आईनं गादीवर तळवा ठेवला, मग तो उलटा करून ठेवला. मग आडवी झाली. बघता बघता तिचं तोंड किंचित उघडलं आणि ती घोरायला लागली. तोफ दाराशी उभी राहून ऐकत होती. आईला इतकं गाढ झोपलेलं तिनं कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

चला, प्रश्न मिटला. गादी गार झाली, आता उशी आपोआप जागेवर जाईल. निदान तोफेला तसं वाटलं.

रविवारी सकाळी उशी हॉलमध्येच होती. मध्ये डोक्याचा खळगा.

म्हणजे उकाडा हे नुसतं निमित्त होतं. यंत्राचा दोष सापडला, माणसांचा तसाच राहिला. चष्मिषचं बरोबर होतं, आणि तोफेनं गुपचूप बाथरूममध्ये जाऊन दाढीचं सामान पाहून घेतलं. ते होतं. पण ब्रश कोरडा होता, आणि कोरड्या ब्रशाचाही तिला संशय आला. हे दोघं वेगळे होणार असतील तर उलट्या बाह्या लावणाऱ्या आईला टाकून ती कुठल्या तोंडानं खेळायला जाणार होती?

न्याहारीला बाबा स्वेटरात, आई वारा घेत, मध्ये टोस्टची ताटली. तोफेनं चहाचा कप खाली ठेवला.

"तुम्ही दोघं वेगळे होणार आहात का?"

बाबांच्या हातातली सुरी लोण्यातच थांबली.

"कुणी सांगितलं तुला?" ते म्हणाले.

"याचं उत्तर 'नाही' असं असतं, बाबा. 'कुणी सांगितलं' असं नसतं."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईनं टोस्टकडे पाहिलं.

"ते तुझ्या आईला विचार," बाबा हळूच म्हणाले. "तीच म्हणाली मला, लांब सरका."

"सरका म्हटलं होतं," आई म्हणाली. "हॉलमध्ये जा म्हटलं नव्हतं."

"अगं, पलंग कुठंतरी संपतो. तिथून पुढं सरकलो."

"आणि पाठ?" तोफेनं विचारलं.

"पाठीचं हिनंच सगळ्यांना सांगितलं. मी म्हटलं, असेल बुवा दुखत." बाबांनी सुरी खाली ठेवली. "आणि आत काय वाजतं, ते विचारलं कधी मी? म्हटलं, गाणी ऐकत असेल. एकटीला बरं वाटत असेल."

"गाणी?" आईचा आवाज चिरका झाला. "मी तिथं भाजून निघत होते हो. तुम्हाला परत बोलवता यावं म्हणून ते मशीन आणलं. माझ्यापुरतं गार, तुमची बाजू उबदार. काल रात्री चाललं एकदाचं. तुमची बाजू झटकून, रजई घालून वाट बघत पडले होते."

"मग हाक मारायचीस."

"दार उघडं ठेवलं होतं. एरवी दिवसासुद्धा बंद असतं, काल उघडं का ठेवीन?"

"वारा यावा म्हणून, असं मला वाटलं," बाबा म्हणाले, आणि आपलंच बोलणं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसा हा संसार. गारव्याचा जाणकार सोफ्यावर कुडकुडत होता आणि भट्टीत बसलेली बाई परक्या गिऱ्हाइकाला उपाय विचारत होती.

बाबा उठले. खोलीत गेले. मागोमाग या दोघी. त्यांनी गुडघे टेकून डब्याच्या पाठीला हात लावला, कान लावला, पाण्याची टाकी पाहिली. मग खुर्चीवर घडी घालून ठेवलेली फुलाफुलांची खोळ दिसली आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं.

"ही यावर होती?"

"छान शिवलीये," आई म्हणाली.

"शिवलीये छानच. जीव गेला असता त्याचा." ते ओठ दाबून हसू आवरत होते, पण खांदे हलत होते. आईनं त्यांच्या खांद्यावर एक चापट दिली. आणि मग तीही हसायला लागली, डोळे पुसत, अगदी पोटातून. बाबांनी गादीच्या गार भागावर हात ठेवला, शहारले आणि हात आपल्या बाजूच्या रजईखाली घातला. "तुझ्याकडे कोल्ड स्टोरेज, माझ्याकडे रजई. चालेल. मध्ये भिंत नको, एवढंच."

ते स्वतः हॉलमध्ये गेले आणि उशी घेऊन आले. आईनं ती हातातून घेतली, नाकाशी धरली आणि तोंड वाकडं केलं.

"खोळ बदलायला झालीये," ती म्हणाली आणि कपाट उघडून नवी शोधू लागली.

तोफेला हा पुरावा पुरेसा होता. आई नको असलेल्या वस्तूला कधीच खोळ घालत नाही.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "बाईंनी मला निवासी केंद्रासाठी निवडलंय. दोन वर्षं. दुसऱ्या गावाला."

आईचा हात कपाटातच राहिला. "कधी निवडलं?"

"आणि हे तू आम्हाला आज सांगतेस?" बाबा म्हणाले.

"लपवाछपवी घराण्यातच आहे," तोफ म्हणाली. "मी जाणार आहे. विचारत नाहीये, सांगतेय. उद्या बाईंना हो म्हणणार. आणि तिथून रोज रात्री फोन करीन. तेव्हा दोघांनी एकाच खोलीतून बोलायचं, आणि मागून मला मशीनचा आवाज ऐकू आला पाहिजे."