शिड्यांच्या कारखान्याबाहेरची पाटी

मित्रांनो, माझ्या अंगावर दोनच शब्द आहेत: 'कामगार पाहिजेत'. मी पत्र्याची आहे, कडांना गंज धरलाय आणि वरच्या दोन भोकांतून तार ओवलेली आहे. शिड्या बनवणाऱ्या एका कारखान्याच्या फाटकावर मी गेली तीन वर्षं सलग लटकते आहे. तुम्हाला वाटेल, वा, काय थाट आहे पाटीचा! पण माझ्यासारख्या पाटीला सलग लटकावं लागणं ही नाचक्की असते. ती कशी झाली, तेच सांगते.

माझा जन्म छपरातून उरलेल्या एका तुकड्यावर झाला. रंगाऱ्यानं 'का' एवढा ऐसपैस काढला की शेवटचा 'त' त्याला कोपऱ्यात दाटीवाटीनं बसवावा लागला. थोरले मालक म्हणाले, "असू दे. वर्षातून दोन दिवस तर लावायची आहे." आणि खरंच तसंच होतं. सकाळी मला फाटकावर अडकवत आणि जेवणाच्या सुट्टीआधी उतरवत, कारण तोवर माणूस मिळालेला असे. उरलेलं वर्ष मी आत, पायऱ्या पक्क्या करणारं रिव्हेट मारायच्या टेबलाशेजारी भिंतीला टेकून आरामात काढायची. अशी बिनकामाची पाटी म्हणून माझा रुबाब काही वेगळाच होता.

माणसं अशी धावत का येत? पगार शेजारच्या कारखान्याइतकाच होता. काम तर हात भरून आणणारं. पण आमच्याकडे एक पद्धत होती. टेबलाच्या खणात लाल दोऱ्याचं एक रीळ असायचं. आपण मारलेलं रिव्हेट नीट बसलं नाही अशी नुसती शंका जरी आली, तरी कामगारानं त्या शिडीला दोरा बांधायचा, ती भिंतीशी उभी करायची आणि पुढच्या कामाला लागायचं. दोरा कुणी बांधला, हे विचारायचं नाही. संध्याकाळी आमचे मिस्त्री दोरा बांधलेली एकेक शिडी ठोकून बघत, बिघडलेलं दुरुस्त करत आणि दोरा सोडत. एकदा थोरल्या मालकांनी हौसेनं स्वतः रिव्हेट मारलं. ती शिडी इतकी वाकडी झाली की तिला दोरा बांधायचीही गरज नव्हती. सगळा कारखाना पोट धरून हसला आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले ते मालकच.

मिस्त्रींना माणसांची पारख होती. कुठल्या कामावर कुणी गांजलेलं दिसलं की ते म्हणत, "माझ्या शब्दावर ये." निम्मा कारखाना त्यांच्या शब्दावर आलेला होता. शेवटी त्यांनी आपल्या सख्ख्या बहिणीच्या मुलीला आणलं. आधीच्या ठिकाणी तिनं इतकी बोलणी खाल्ली होती की मागून कुणी आलं तरी ती हात पाठीमागे लपवायची. पहिल्याच आठवड्यात तिच्या तीन शिड्या बिघडल्या. तिनं डोळे मिटून दोरे बांधले आणि मान खाली घालून उभी राहिली. कुणी काही बोललंच नाही! शेजारणीनं फक्त तिच्यापुढे चहाचा पेला सरकवला. महिन्याभरात ती काम करता करता गुणगुणू लागली. ती मिस्त्रींना मामा म्हणायची, म्हणून मग सगळेच त्यांना मामा म्हणू लागले.

पुढे थोरले मालक गेले. धाकट्या मालकांनी एक मॅनेजर आणले. पहिल्याच दिवशी त्यांना भिंतीशी दोरे बांधलेल्या अकरा शिड्या दिसल्या.

"एवढ्या चुका? आणि कुणाच्या आहेत, ते कुणालाच माहीत नाही?"

"साहेब," मामा म्हणाले, "दोरा म्हणजे चूक नव्हे. चूक सापडली, एवढाच त्याचा अर्थ."

"मामा, तुम्ही जुन्या वळणाचे. शिस्त नको का?"

आणि मित्रांनो, त्या शिस्तीसाठी त्यांना मीच सापडले. मला फाटकावर कायमचं टांगलं आणि माझ्या पाठीवर खडूनं नावं लिहायला सुरुवात झाली. जो दोरा बांधेल, त्याचं नाव. तीनदा नाव आलं की घरी. बाहेरून वाचलं तर कामगार पाहिजेत, आतून वाचलं तर कोण नकोत त्याची यादी. माझ्या पाठीला कधी कुणी हात लावला नव्हता. आता येता-जाता सगळे आधी तिकडेच बघायचे.

महिन्याभरात दोरे थांबले. एकही नाही! मॅनेजरांनी केक मागवला, धाकट्या मालकांनी त्यांची पाठ थोपटली. मामांनी मात्र तुकडा हातात घेतला आणि तसाच कागदात गुंडाळून ठेवला. त्यांना ठाऊक होतं की हात तेच आहेत, हातोड्या त्याच आहेत आणि रिव्हेट पूर्वीसारखंच कधीमधी तिरकं बसतंच आहे.

भाचीचं नाव दोनदा आलं होतं. एका दुपारी तिच्या हातून चौथ्या पायरीचं रिव्हेट कलतं गेलं. तिनं शिडी हलवून पाहिली. खणातून दोरा काढला, बांधला. मग दारातून तिनं माझ्या पाठीकडे पाहिलं. तिथं तिचं नाव होतं, आणि त्यापुढे दोन रेघा. तिनं गाठ सोडली, दोरा खिशात घातला आणि शिडी गाडीत चढवायच्या ढिगात नेऊन ठेवली. मी पाटी, मी काय करणार? पण त्या रेघा माझ्याच अंगावर होत्या, याची टोचणी मला अजून आहे.

तीन आठवड्यांनी ती शिडी परत आली. एका शाळेच्या भिंतीवर वायर टाकणारा माणूस तिच्यावरून पडला होता. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं. शिडीची चौथी पायरी एका बाजूनं लोंबत होती. मॅनेजर विचारू लागले, कुणाची आहे, कुणाची आहे?

"माझी," भाची उठून म्हणाली. मग मामांकडे वळली. "मामा, दोरा बांधला होता मी. सोडला."

मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मॅनेजरांनी खडू घेतला आणि माझ्या पाठीवर तिसरी रेघ ओढली. भाची आता घरीच असते. मागून कुणी आलं की पुन्हा हात लपवते, असं मामा वॉचमनला सांगत होते, तेव्हा मी ऐकलं.

त्यानंतर माणसं एकेक करून निघून गेली आणि जाताना सगळीकडे बोलली: बसथांब्यावर, न्हाव्याच्या खुर्चीत, त्या पडलेल्या माणसाच्या खाटेपाशी. आता लोक माझ्यासमोर क्षणभर थांबतात, एकमेकांना कोपरानं ढोसतात आणि पुढे जातात. धाकट्या मालकांनी माझ्या शेजारी एक चकचकीत फलक लावला: 'आमच्या आनंदी कुटुंबात सामील व्हा'. त्यावर हसरे चेहरे आहेत. तीन चुका झाल्या म्हणून कुठल्या कुटुंबातून माणूस बाहेर काढतात, हे त्यांना कुणी विचारलं नाही. त्या फलकाखाली वॉचमन दिवसभर माशा मारत बसतो.

गेल्या आठवड्यात मात्र एक बाई थांबली. हातात पिशवी, पायात झिजलेल्या चपला. मामा फाटकाशी डबा खात होते.

"काका, इथं काम कसं आहे हो?"

पूर्वी असं कुणी विचारलं की मामांचा चेहरा खुलायचा. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"पोरी, दुसरीकडे बघ."

"पण पाटी लागलीय ना?"

"म्हणूनच सांगतोय. तीन वर्षं लागलीय ती."

तिनं मला एकदा नीट न्याहाळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मग तिनं विचारलं, "मग तुम्ही का थांबलात?"

"माझ्या शब्दावर आलेली अकरा माणसं अजून आत आहेत," मामा म्हणाले. "त्यांना टाकून कसा जाऊ?"

ती मान हलवून निघून गेली. या महिन्यात कामाची चौकशी करणारी ती एकटीच.

मित्रांनो, मला कितीही रंगवलं तरी माणसं येणार नाहीत. आत माणसाला कसं वागवतात, ते फाटकाबाहेर माझ्याआधी पोचतं. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हाताखाली माणसं असतील. कुणी आपणहून येऊन म्हणालं, "माझं चुकलंय बहुतेक," तर त्याचं नाव विचारू नका. आधी ती शिडी बाजूला ठेवा. आमच्याकडे असं सांगायला आता कुणी येत नाही, मामांकडेसुद्धा नाही. आज सकाळी पुन्हा गाडी भरून शिड्या बाहेर गेल्या. त्यातल्या कुठल्या शिडीवर चढू नये, हे आत कुणाला तरी नक्की ठाऊक असेल.