काय झालंय, हे विचारायचं नाही

मोहिनीनं जन्मात एकच गोरा माणूस नोकरीला ठेवला, आणि नेमका तोच आजारी पडला.

माणूस म्हटला की दुखणंखुपणं आलंच. पण हा पडला हंगामात, आणि मार्चमध्ये द्राक्षवाल्यांना मरायलाही सवड नसते. दिंडोरी रोडला कोल्ड स्टोरेजच्या माडीवर तिचं ऑफिस. खाली साठ बाया घड साफ करून डब्यांत भरत होत्या, कात्र्यांची किटकिट जिन्यावरून वर येत होती, आणि टेबलापलीकडे धाकटा दीर धनराज एक कागद तिच्यापुढे सरकवून बसला होता.

"वहिनी, एवढी सही करा."

"वाचू तरी द्या, भाऊजी."

"त्यात वाचायचंय काय? येरूनला आजपासून काढला. तीन ओळी आहेत."

येरून रॉटरडॅमचा. वय अठ्ठावन्न, अंगानं सागाच्या सोटासारखा, ऊन असो थंडी असो, सायकलवर. पूर्वी इथून कंटेनर गेला की तिथला व्यापारी चार कुजक्या मण्यांचे फोटो पाठवायचा आणि म्हणायचा, माल खराब निघाला, निम्मा भाव घ्या. एवढ्या लांब खरंखोटं करायला कोण जातंय? तेव्हा मोहिनीच्या मनानं घेतलं, तिथं आपलाच माणूस ठेवायचा. बारावीनंतर कॉलेजचं तोंड न पाहिलेली ही बाई फोनवर बोलून बोलून इंग्रजी शिकलेली. तिनंच मुलाखत घेतली, तिनंच निवडला. पहिल्याच हंगामात येरूननं व्यापाऱ्याच्या गोदामात ठाण मांडून खालच्या थरातले डबे उघडायला लावले, एकेक घड उजेडात धरला, आणि तीस टक्के कपातीचा क्लेम चारवर आणून ठेवला. त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले गेले.

मग त्याला कायम करायचं ठरलं. तिथले पगार बघणाऱ्या एका कंपनीनं खर्चाची यादी पाठवली. पगार, त्यावर सरकारी भरणा, त्यावर आठ टक्के सुट्टीचा भत्ता. त्या भत्त्यानं धनराजची आठवडाभर झोप उडाली होती. "सुट्टीचा पगार वेगळा आणि फिरायला वर खर्ची? जावई आहे का तो आपला?" यादीच्या शेवटी एक विमा होता. माणूस आजारी पडला तर त्याचा पगार विमा कंपनी भरणार. त्या ओळीवर मोहिनीनं स्वतःच्या हातानं काट मारली होती. एवढा धडधाकट माणूस, कशाला पैसे देऊन अपशकुन करायचा!

आणि आता सहा आठवडे येरून कामावर नव्हता.

"मॅडम, सही करू नका," निकिता दारातूनच म्हणाली. ऑफिसातले सगळे कागद हीच सांभाळायची, आणि हातात फाईल असली की धनराजलाही घाबरायची नाही. "तिथं आजारी माणसाला काढता येत नाही. दोन वर्षं. तो कोर्टात गेला तर हे पत्र रद्द, मागचा सगळा पगार द्यायचा, वर वकिलाचा खर्च आपल्याच बोकांडी."

"दोन वर्षं घरी बसून पगार?"

"निदान सत्तर टक्के, सर."

"आणि झालंय काय त्याला?"

"ते विचारायचं नाही."

"अहो, तपासणारा डॉक्टर आपण लावला. फी आपण भरली."

"तो एवढंच कळवतो, काम जमेल की नाही. कळवलंय त्यानं, सध्या अजिबात नाही. काय झालंय, हे तो सांगणार नाही आणि आपण विचारायचं नाही. कायदाच आहे तसा."

"वा! पैसे आपले, डॉक्टर आपला, दुखणं तेवढं गुपित."

मोहिनीला बोलायला तोंडच नव्हतं. पहिल्या आठवड्यात तिनं येरूनला अकरा निरोप पाठवले होते. ताप आहे का? पोटाचं आहे का? हळद घालून दूध घ्या. रिपोर्ट पाठवा, आमच्या कॉलेज रोडच्या डॉक्टरांना दाखवते. पहिल्याला 'आभारी आहे' असं उत्तर आलं, पुढच्या दहांना काहीच नाही, आणि मग त्या पगारवाल्या कंपनीचं पत्र आलं की कृपा करून कर्मचाऱ्याला आजाराबद्दल विचारू नये. तिला भर सभेत कुणी पदर सावरायला सांगावा तसं झालं.

विचारणं थांबलं, पण जीव कुठं थांबतो? आजारी माणसाला भेटायला गेलं नाही तर तो बरा झाल्यावरही तोंड दाखवायला लाज वाटते. तिची भाची हर्षाली लग्न होऊन हेगला राहायची, रॉटरडॅमपासून अर्ध्या तासावर. मोहिनीनं तिच्या गळ्यात हे काम घातलं. रविवारी हर्षाली डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन गेली. येरून घरी नव्हता. बायकोनं अर्धवट दार उघडून डबा घेतला, आत या म्हणाली नाही. हर्षालीनं हे सगळं भाबडेपणानं घरच्या ग्रुपवर लिहिलं, आणि ते धनराजनं वाचलं.

"आजारी माणूस रविवारी घरी नाही," तो आता बोट आपटत म्हणाला. "दुसऱ्या कुणाचे तरी कंटेनर उघडत फिरतोय तो. लिहून घ्या माझ्याकडून."

"भाऊजी, तसा माणूस नाही तो."

"माणूस कसा ते राहू द्या. उद्याचं काय?"

उद्याचंच तर सगळं होतं. जहाज आफ्रिकेला वळसा घालून दहा दिवस उशिरा लागलं होतं. कंटेनर उद्या तिथल्या सकाळी सातला उघडणार. तेरा टन माल, त्यातला निम्मा घरच्या बागेतला. 'देठ वाळले असण्याची शंका आहे' असं व्यापाऱ्यानं कंटेनर उघडायच्या आधीच लिहून ठेवलं होतं. तिथल्या एका एजन्सीकडे महिनाभरासाठी बदली माणूस होता, येरूनच्या दीडपट पैशांत, पण साडेतीनच्या आत पक्कं करायला हवं होतं. आणि बँकेला प्रत्येक कागदावर दोघांच्या सह्या लागत.

"आधी तुम्ही या पत्रावर सही करा," धनराज म्हणाला, "मग मी त्या माणसाच्या पैशांवर करतो. एका जागेचे दोन पगार मी भरणार नाही."

तीनला दहा मिनिटं कमी होती.

तेवढ्यात डब्यांची झाकणं संपली म्हणून सांगायला लताबाई वर आली. खालच्या बायांवर देखरेख तिची. झाकणांचं बोलून झालं तरी ती दाराला धरून उभीच राहिली.

"ताई, खरं हाय का? त्या साहेबाला घरी बसून दोन वर्सं पगार?"

"कायदा आहे तिथला, लताबाई."

"आन् काय झालं ते कुनी इचारायचं बी नाय?"

"नाही."

लताबाईनं पदरानं कपाळ पुसलं. "मागल्या साली मला टायफाईड झाला तवा तुमी दोनदा घरी आल्या. मऊ भाताचा डबा धाडला. कसं झालं, काय झालं, समदं इचारलं. लय बरं वाटलं बगा." ती हसली. "पर खाडा लागलाच एकोणीस दिसांचा."

"अगं..."

"तुमाला बोल नाय लावत. आपली गंमत सांगितली," म्हणत ती जिना उतरून गेली. कात्र्यांची किटकिट तशीच चालू होती. धनराजनं खिडकीबाहेर बघितलं, निकितानं फाईलमध्ये. मोहिनीला आपण चहा घेतलाय की नाही तेच आठवेना.

आणि टेबलावरचा फोन थरथरला. येरून.

घाईघाईत तिचं बोट स्पीकरवर पडलं.

"मोहिनी, उद्या सातला कंटेनर आहे ना? मी जातो."

धनराज खुर्चीतून अर्धा उठला. हो म्हणा, हो म्हणा, असं ओठांनीच सांगू लागला. निकिता दोन्ही हात हलवून नको नको करत होती.

"पण डॉक्टरांनी..." मोहिनीनं सुरुवात केली.

"डॉक्टरांना कळायची गरज नाही. दोन तासांचं काम. बायको गाडीनं सोडेल."

सायकलवरचा माणूस. आणि आवाज त्याचाच होता, पण बोलणं त्याचं नव्हतं. पूर्वी समोरच्याला श्वास घेऊ न देणारा येरून चार शब्द बोलत होता आणि थांबत होता, चार शब्द आणि थांबत होता. सप्तशृंगीच्या पायऱ्या चढताना म्हातारी माणसं बोलतात तसं. 'अहो, काय झालंय तुम्हाला' हे शब्द तिच्या अगदी जिभेवर आले. तिनं टेबलाची कड घट्ट धरली.

"तुम्हाला हे कुणी सांगितलं करायला?"

"रविवारी तुम्ही माणूस पाठवला. मी घरी आहे का ते बघायला. मी नव्हतो. मला हॉस्पिटलात दोन दिवस ठेवून घेतलं होतं." थांबला. "मी खोटं बोलत नाही, मोहिनी. हवं तर सांगतो काय झालंय. कागद पाठवतो, सगळे. पण या वयात मला दुसरं काम कुणी देणार नाही. तर ऐका, फेब्रुवारीत मला पहिल्यांदा..."

"नको!"

इतक्या जोरात की खालच्या कात्र्यासुद्धा क्षणभर थांबल्यासारख्या वाटल्या.

"नको, येरून. सांगू नका. मला ऐकायचं नाही." तिचंही आता चार शब्द आणि थांबणं सुरू झालं. "ती माझी भाची होती. तपासायला नव्हती आली. आमच्याकडे माणूस आजारी पडला की भेटायला जातात. रिकाम्या हातानं जात नाहीत. म्हणून ते लाडू."

पलीकडे येरूननं आधी बायकोला काहीतरी विचारलं.

"ते खायचे होते?"

"म्हणजे? तुम्ही काय केलंत त्यांचं?"

"बायकोला वाटलं नमुना आहे. नव्या मालाचा. फ्रिजमध्ये ठेवलेत. वर तारीख लिहून."

निकितानं फाईल तोंडावर धरली. मोहिनीला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि दोन्ही तिनं गिळलं, कारण घड्याळ समोर होतं आणि धनराज अजून अर्धाच बसलेला होता.

"उद्या तुम्ही जायचं नाही," ती म्हणाली. "डॉक्टर हो म्हणेपर्यंत कुठलाच कंटेनर बघायचा नाही. नोकरी आहे तिथंच आहे. ठेवते आता."

तिनं फोन पालथा घातला. तीन वाजून बारा मिनिटं.

"पायानं चालून आलेला माणूस परत पाठवलात," धनराज हळू आवाजात म्हणाला. त्याचा हळू आवाज ओरडण्यापेक्षा वाईट असायचा. "आणि नोकरी आहे तिथंच आहे, हे कुणाला विचारून सांगितलंत?"

"कुणालाच नाही. तुम्ही ऐकलंत ना, कसा बोलत होता?"

धनराजनं पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच ठेवला. "ऐकलं."

"मग?"

"मग काय, वहिनी? मला कळत नाही का? पण तेरा टन माल आहे. तिथं कुणी तरी उभं राहायला पाहिजे."

"माल बघून अहवाल देणारा सर्व्हेअर लावू. एजन्सीचा माणूस नको. सर्व्हेअरला एकदाच पैसे द्यायचे, पण त्यालाही साडेतीनच्या आतच कळवायचंय."

"तो भांडणार नाही. दिसेल तेवढं लिहील आणि घरी जाईल."

"हो."

"भाव पडेल."

"पडेल."

निकितानं सर्व्हेअरचा कागद आधीच काढून ठेवला होता. मोहिनीनं सही केली. धनराजनं पेन हातात घेऊन इतका वेळ घेतला, की निकिता मनात मिनिटं मोजायला लागली. तीन चोवीसला त्यानं सही केली. येरूनचं पत्र मात्र टेबलावरच राहू दिलं. "हे इथंच असू द्या. उद्याचं बघून ठरवू."

दुसऱ्या दिवशी दुपारी सर्व्हेअरचा अहवाल आला. नऊ टक्के देठ वाळलेले, मणी चांगले. खाली सही, शिक्का. त्याच्यामागून तासाभरात व्यापाऱ्याचा मेल आला. बावीस टक्के कापले. अहवालाबद्दल एक अक्षर नाही. येरून असता तर त्यानं त्याच गोदामात, त्याच माणसाला, त्याच्याच भाषेत नऊवर उभं केलं असतं. तेरा टक्क्यांचा फरक साधारण येरूनच्या एका महिन्याच्या पगाराएवढा होता. धनराजनं तो आकडा मोठ्यानं वाचला नाही. कागदावर पेनानं नुसता गोल केला.

टेबलावर आता दोन कागद होते. कालचं पत्र आणि मार्चचा पगार. पगारावर मोहिनीची सही झालेली होती.

"काल तो सांगत होता तर ऐकून घ्यायचं होतं," धनराज म्हणाला. "निदान कळलं असतं, किती दिवसांचं आहे."

"म्हणूनच नाही ऐकलं."

"म्हणजे?"

"कळलं असतं तर तुम्ही बोटांवर महिने मोजत बसला असता." ती थांबली. "आणि मीसुद्धा. मी काही वेगळी नाही, भाऊजी. मीच तर त्या विम्यावर काट मारली."

धनराजनं पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. मग त्यानं विचारलं, "आणि बराच नाही झाला तर?"

हे त्यानं पैशाचं विचारलं की माणसाचं, ते तिला समजलं नाही.

धनराजनं पगाराचा कागद ओढला आणि सही केली. जोरात, कागद फाटेल अशी. "हे मार्चचं. एप्रिलचं एप्रिलमध्ये," तो म्हणाला, आणि पत्राची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली.

खाली पुढचा कंटेनर भरून झाला होता. ड्रायव्हरनं दारं लावली, सील ठोकलं, आणि गाडी फाटकातून बाहेर वळली. पस्तीस दिवसांनी तो तिकडं उघडेल तेव्हा दारापाशी कोण उभं असणार, हे वर खिडकीत उभ्या असलेल्या दोघांनाही माहीत नव्हतं.