मोडलेली मासवडी

"आत्या, फडकं मी धरू का?" सोनलनं विचारलं.

"तू रश्श्याकडं बघ," गोजरबाई म्हणाल्या. जत्रेच्या दिवशी मासवडीला सुनेचा हात लागू द्यायचा नाही, हा त्यांचा कायदा. बाहेर ओसरीवर त्यांचा भाऊ सावळेराम ओझरहून येऊन टेकला होता आणि मुलगा गोरख, सोनलचा नवरा, त्याच्याशी गप्पा मारत होता.

ओल्या फडक्यावर गरम बेसन थापायचं, वर तीळ, खोबरं, लसणाचं सारण पसरायचं, फडक्याच्या टोकानं गुंडाळी करून दाबायची नि वड्या पाडायच्या. राजुरीत हे काम करावं तर गोजरबाईंनीच. आणि एकेकाळी काय जत्रा असायची! पाव्हण्यांनी अंगण भरायचं, चुलीवर चुली पेटायच्या, आणि त्यांचे मालक गेणूभाऊ पहिली वडी तोंडात टाकून साऱ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणायचे, "याला म्हणत्यात हात." आता गेणूभाऊ गेले, पाव्हणे आटले. मासवडीचं नाव तेवढं उरलं होतं आणि म्हातारीचा सगळा जीव त्या नावात होता.

सोनलचं माहेर मढ. तिकडं भाताची खाचरं, मासवडीचं कौतुक कुणाला? दहा वर्षांपूर्वी, चौऱ्याण्णव साली, नव्या नवरीला सासूनं बेसन थापायला बसवलं आणि निम्म्यावरच पाव्हण्यांच्या चहाला उठवलं. तोवर बेसन निवलं, वडी फुटली. "हिच्या हाताला वळणच न्हाई," गोजरबाई भर पंगतीत म्हणाल्या. पंगत हसली, आणि झालं, सोनलच्या कपाळी शिक्का बसला. पुढं तिच्याकडून दूध उतू गेलं की हाताला वळण नाही, आणि गोजरबाईंचं उतू गेलं की जळणच मेलं लई पेटलं. आपलं ठेवायचं झाकून नि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय.

आज गोजरबाईंनी फडक्याचं टोक उचललं आणि गुंडाळी मधोमध तडकली. दाबायला गेल्या तर सारणच बाहेर आलं.

"पीठच जाडं दळलंय त्या गिरणीवाल्यानं," त्या पुटपुटल्या.

सोनल रश्श्यात पळी फिरवत राहिली. तिनं कधीच कुणावर ढकललं नव्हतं, ना गिरणीवर, ना त्या चहावर. हे गोजरबाईंना आज पहिल्यांदा जाणवलं आणि त्यांची कानशिलं तापली.

"त्या साली चहाला म्याच उठवलं व्हतं तुला," त्या एकदम म्हणाल्या. "म्हणून मोडली तुजी वडी."

"जाऊ द्या आत्या, लई जुनं झालं ते. ताटं करते मी."

मामा-भाचे चुलीपुढंच जेवायला बसले. सावळेरामनं वडी उचलली आणि ती त्याच्या बोटांतच विस्कटली. "आक्का, ही तुज्या हातची न्हाई."

गोजरबाईंनी तोंड उघडायच्या आत सोनल बोलून गेली, "मी केली मामा. आत्यांचा हात दुखतोय."

"तरीच म्हणलं," सावळेराम हसला.

"इतकी वर्सं झाली, हिला अजून जमंना," गोरखही हसत म्हणाला.

गप्प बसणं किती सोपं होतं. नाव वाचलं असतं, सुनेनंच वाचवलं असतं.

"म्या केली ती," त्या म्हणाल्या. "माज्याच हातनं मोडली. पीठ चांगलं हाय. तिनं हात बी लावला न्हाई."

सावळेरामनं कौतुकानं मान डोलावली. "बघ गोरख, सुनंवर कसं पांघरूण घालती तुजी आई. सासू असावी तर अशी."

"सावळेराम, खरं सांगतीया म्या."

"व्हय, व्हय. मला काय तुजं मन म्हाईत न्हाई व्हय?"

गोजरबाईंनी गोरखकडं पाहिलं. तोही आईच्या मोठेपणावर खूश होऊन भाकरी मोडत होता. आता आणखी कुणाला सांगायचं, कसं सांगायचं, त्यांना कळेना. डोळे भरून आले तर सावळेरामला वाटलं, धुरानं.

सोनलनं त्यांच्यापुढं ताट ठेवलं, त्यातल्या त्यात धड वडी वाढली आणि वरून रस्सा घातला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, वाईट वाटल्याचीही खूण नव्हती. तिला सवय झाली होती.

"जेवा आत्या," ती म्हणाली. "निवतंय."